नारळाची सोय

कुणी एखाद्याची तोंडभरून स्तुती केली, 'अगदी देवमाणूस हो' असं म्हटलं, की आमची आजी हातातलं काम न थांबवता विचारायची, "थे खरं गा. पन पायली कशी मोजते थो?"

पायली म्हणजे धान्य मोजायचं माप, हे आता सांगावं लागतं. नागभीड, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी हा आमचा झाडीपट्टीतला धानाचा मुलूख. इथे मजुरी पैशांत मिळायला लागली त्याच्या कितीतरी आधीपासून ती धानात मिळे. रोवणा झाला, कापणी झाली, चुरणा झाला, की दिवस बुडताना ओळीने बसायचं आणि पदर पसरायचा. आजीच्या माहेरच्या मालगुजाराकडे म्हणे दोन पायल्या होत्या. एक घ्यायची, एक द्यायची. दिसायला जुळ्या बहिणी. पण द्यायच्या पायलीला आतून तळाशी लाखेचा थर दिलेला, बोटभर जाड. एकदा ती पायली ओट्यावरून गडगडत खाली आली. ती उचलायला म्हणून आजीच्या मायने आत हात घातला, तर तिला तळ फारच लवकर लागला. बोलली नाही काही. बोलून काय होणार होतं? घरी येऊन पोरींना मात्र सांगितलं. हीच गोष्ट पुढे मी आणखी दोन गावांच्या मालगुजारांबद्दल ऐकली, त्यामुळे ती नेमकी कुठे घडली हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आजी असती तर म्हणाली असती, सगळीकडेच घडली.

हा मालगुजार सकाळी दोन तास पूजेला बसायचा. त्याच्या देवघरातली घंटा आमच्या लोकांच्या मोहल्ल्यापर्यंत ऐकू यायची. विहीर त्या मानाने जवळ होती. पण तिथे घागर खाली ठेवायची, लांब उभं राहायचं आणि कुणाला दया येऊन तो वरून पाणी ओतेल याची वाट बघायची. आजी सांगायची, घंटा वाजली की पाणी ओतणारे निघून जायचे, कारण प्रसादाची वेळ झालेली असायची.

हे सगळं आठवायचं कारण एक साधा प्रश्न. मी शाळेत शिकवायला लागले त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. एकदा स्टाफरूममध्ये चतुर्थीला साबुदाण्याचे डबे उघडले होते आणि माझ्या डब्यात पोपटाच्या शेंगांच्या दाण्यांची भाजी होती. एका वडीलधाऱ्या बाईंनी अगदी मायेने विचारलं, "तुमच्यात देवच नाही म्हणता, मग लेकरांना वळण कसं लावता? भीती कुणाची घालता?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि त्यांना भाजी दिली. खरं उत्तर आजीकडे होतं, आणि आजी १९९४ सालीच गेली होती.

आमच्या घरातून देव गेले ती तारीख मला पाठ आहे. १६ ऑक्टोबर १९५६, मंगळवार. दोन दिवस आधी, १४ तारखेला, नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली. तिथून ते चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे चांद्याचे, त्यांच्या पुढाकाराने इथला सोहळा ठरला. तेव्हा 'चंद्रपूर' हे नाव कागदावर यायचं होतं, आणि चांदा मध्य प्रदेशात होता. दीक्षेनंतर सोळा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचनेत जिल्हा मुंबई राज्यात आला. आजी हे एका दमात सांगायची, "एका पंदरवड्यात आमचा देव बी गेला अन् सरकार बी बदललं." सरकार बदलल्याचं तिला कधी कळलं कोण जाणे. तलाठी तोच होता.

गावातून सहा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, निघाल्या असं आजी म्हणायची. बाबा तेव्हा बारा वर्षांचे, ते म्हणायचे चारच. पांढरे कपडे घालून यायचं असा सांगावा होता, आणि तिथेच पहिली अडचण आली. सवाष्णीने पांढरं लुगडं नेसायचं कसं? पणजीने, म्हणजे आजीच्या सासूने, कपाळाला हात लावला. शेवटी आजीच्या वडिलांच्या मागावरचं जाडंभरडं, न रंगवलेलं कापड नेसून आजी निघाली. तिचे वडील विणकर. आमच्या भागात पुष्कळ घरांत माग होते, गिरण्यांच्या कापडाने ते हळूहळू थंडावले. सोबत तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी आणि पितळी डब्यात झिंगे. हलक्या धानाला लोंब्या आल्या होत्या, आणि वाटेत बैल धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, धानाला तोंड लावू नयेत म्हणून आबाजी, म्हणजे माझे आजोबा, पूर्ण रस्ता उतरून चालत होते, असं बाबा सांगायचे.

आणि बाबासाहेब? "लांबून पाह्यलं. पांढरे कपडे दिसले. लय थकले होते, बापा." एवढंच. त्यांचा आवाज कसा होता, असं मी लहानपणी खोदून खोदून विचारायची. आजीला आवाज आठवत नव्हता. तिला आठवायचं ते हजारो माणसं एकदम बोलली तो आवाज. बाबासाहेब एकेक प्रतिज्ञा सांगत होते आणि लोक मागून म्हणत होते. बावीस प्रतिज्ञा. सुरुवातीच्या देव मानणार नाही, पिंडदान करणार नाही अशा आहेत, आणि पुढच्या वागणुकीच्या आहेत: चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. आजी म्हणायची, देव सोडताना कठीण गेलं नाही, तोंड आपोआप बोलून गेलं. दारूच्या प्रतिज्ञेपाशी मात्र आजूबाजूचे पुष्कळ गडी जरा हळू बोलले. एक्कावन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. "शबूद घेऊन गेले आमचा," आजी म्हणायची, "आता वापस कोनाले देनार?"

घरी आल्यावर आबाजींनी देव्हारा आवरला. शेंदूर फासलेले दोन गोटे, पितळेची एक घंटी, आणि चांदीचा एक टाक, त्यावर घासून घासून पुसट झालेली कुठलीशी माय. सगळं टोपलीत घालून ते गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे तळ्यावर, गेले आणि सोडून आले. टाक मात्र बोडीत गेलाच नाही. पणजीने तो आदल्या रात्रीच काढून आपल्या पानपुड्याच्या बटव्यात घातला होता. आबाजींना ते दुसऱ्याच दिवशी समजलं. त्यांनी काही केलं नाही. पुढली नऊ वर्षं पणजी पहाटे उठून चुलीमागच्या अंधारात त्या टाकाला हळदीकुंकू लावायची, आणि तिचा मुलगा तेवढा वेळ मुद्दाम गोठ्यात काम काढायचा. आपण मानणार नाही अशी प्रतिज्ञा होती. म्हाताऱ्या मायच्या हातातून ओढून घेऊ, अशी नव्हती. पणजी गेल्यावर टाक निघाला, तो आजीने सोनाराला विकला आणि आत्याचं शाळेचं दप्तर आणि एक कंदील घेतला. कंदील मी पाहिलेला आहे. काच फुटकी होती.

ही आत्या म्हणजे देवीतून उठलेली पोर. आमच्या भाषेत हा शब्द मोठा गमतीचा आहे. आजार म्हणजे देवी, तो आणणारी ती देवी, आणि दंडावर लस टोचून घ्यायची तर तेही 'देवी काढणं'. आत्याला देवी आल्या तेव्हा दीक्षेला दोन-तीनच वर्षं झाली होती. सारा गाव म्हणाला, झालं, कोप झाला. पणजी तर आजीच्या पाया पडायला निघाली, म्हणे एकदा मातामायला शांत करून ये. आजीने दारावर लिंबाचे डहाळे बांधले, पोरीला लिंबाच्या पाल्यावर निजवलं, ताकाची आंबील पाजली आणि मातामायकडे गेली नाही. मी विचारलं, "भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "भेव तं वाटलाच. रातभर वाटला. पन पोरगी माही, देवीची कशी?" आत्या वाचली, तोंडावर व्रण राहिले. ती गेली असती तर आजी काय म्हणाली असती, हे मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही माहीत नव्हतं. एकदा ती पुटपुटली होती की, पोरगी गेली असती तर मी कदाचित मोडून पडले असते. बाजूच्या घरातलं पोर त्याच पावसाळ्यात गेलं, आणि त्यांनी बकरा दिला होता.

आजाराला देव चिकटला की माणसाचं काय होतं, याची दुसरी गोष्ट आजीच्या चुलत बहिणीची. तिला महारोग झाला. मागच्या जन्मीचं पाप म्हणून सासरच्यांनी तिला शेतातल्या झोपडीत नेऊन ठेवलं. भाकर लांबून ठेवायचे. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली होती, पुढे आनंदवन उभं राहिलं. ही बहीण कुणाच्या तरी बंडीत बसून तिथे गेली आणि परत गावात आलीच नाही. तिथेच राहिली, सतरंज्या विणायची, बापाचा धंदा हाताला आला. आजी तिला एकदा भेटायला गेली होती. तिला नवल वाटलं ते हे की, तिथे पापाचं कुणी नावच काढत नव्हतं. जखम धुवायची आणि कामाला लागायचं. बाबा आमटे २००८ साली गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना आनंदवनातच मातीत पुरलं.

या गोष्टी जुन्या झाल्या म्हणाल, तर २०२१ च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं. आमच्याच जिल्ह्यात. मारणारे कुणी नास्तिक नव्हते.

पण मला सांगायचं होतं ते नारळाबद्दल.

दीक्षेच्या आधी आमच्या घरात चूक मिटवायची एक पद्धत होती. कुणाला फसवलं, खोटं बोललं, भावकीत भांडण करून कुणाच्या डोक्यात काठी घातली, तर रात्री छातीत धडधड व्हायची. मग सकाळी मोहाच्या झाडाखालच्या मातामायपुढे नारळ फोडायचा. मोठी चूक असली तर कोंबडा, आणि त्याच्या सोबतीला मोहाची. मायनेही घ्यायची, आणि उरलेली आबाजींनी. हिशेब बंद. ज्याला फसवलं तो या हिशेबात कुठेच नसायचा.

पावसाने ओढ दिली ते वर्ष बाबांच्या म्हणण्याप्रमाणे १९६५. बोडीचं पाणी पाळीने मिळायचं. आबाजींची पाळी होऊन गेली होती आणि धान पिवळं पडत होतं. एका रात्री त्यांनी शेजारच्या बांधीचा धुरा फोडला आणि पाणी आपल्याकडे वळवलं. शेजारी गोंड, म्हातारा, एकटा. पहाटे धुरा पुन्हा लिंपून आबाजी घरी आले, जेवले, आणि झोप काही येईना. एक रात्र गेली, दुसरी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीने चुलीत फुंकर घालता घालता विचारलं, "आता कोनाले फोडता नारेल?"

आबाजी उठले आणि त्या म्हाताऱ्याच्या घरी गेले. सोबत बाबा होते, म्हणून ही गोष्ट मला बरीच नीट ठाऊक आहे. म्हातारा अंगणात दोर वळत बसला होता. आबाजी उभ्या उभ्या म्हणाले, परवा रात्री तुझा धुरा मी फोडला. म्हातारा दोर वळतच राहिला. मग म्हणाला, "मले मालूम होतं. तू येतं का नाही, थे पाहत होतो." दंड त्यानेच ठरवला: त्याच्या बांधीत दोन दिवस निंदण. आबाजींनी तीन दिवस केलं. पुढे दरवर्षी नवा धान निघाला की कांडलेले पहिले पोहे आमच्या घरातून त्याच्या घरी जायचे, तो म्हातारा असेपर्यंत आणि त्यानंतर त्याच्या मुलाच्या घरी. बाबा म्हणायचे, त्या दिवशी बाप मला जरा लहान दिसला, आणि मग कायमचा मोठा.

बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९५७ साली आला. मी तो फार उशिरा, बी.एड. करताना वाचला. धर्मात देवाची जी जागा असते, ती धम्मात नीतीची आहे, असं त्यांनी त्यात मांडलं आहे. माणसाने माणसावर प्रेम करण्याची गरज आहे, त्यातूनच नीती येते, तिला देवाची मंजुरी लागत नाही. त्याच्या पुढचं त्यांचं म्हणणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नुसती नीती पुरत नाही, कारण चोरांच्या टोळीतही आपसांत नीती असते. ती सगळ्यांना सारखी लागू व्हायला हवी आणि पवित्र मानली गेली पाहिजे. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तो मालगुजार आला. आपल्या जातीत, आपल्या पाहुण्यांत तो खरोखर भला माणूस असणार. त्याची द्यायची पायली ओट्याच्या खालच्यांसाठी होती. आजीने हा ग्रंथ वाचला नव्हता, तिला सहीपुरतं लिहिता यायचं. पण आबाजींना तिने चुलीपाशी जे विचारलं, ते त्या ग्रंथाच्या बाहेरचं नव्हतं.

रशियाच्या दोस्तोव्हस्कीच्या 'ब्रदर्स करामाझोव्ह' या कादंबरीत एक भाऊ असा विचार मांडतो की, देव नसेल तर माणसाला सगळंच मोकळं. जगभरच्या विद्वानांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. आमच्या मोहल्ल्याचा अनुभव थोडा उलटा होता. देव होता, आणि सगळंच मोकळं होतं.

तरीही मी हे एकतर्फी लिहिलं तर आजी मला कानफटात देईल. तिच्या सासरच्या गावात एक कुणबी शेतकरी होता, तुकडोजी महाराजांचा भक्त. महाराज १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेले, चिमूरला १६ ऑगस्टला जे पेटलं त्या दिवसांत. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला हा माणूस रोज संध्याकाळी बसायचा, आणि त्यानेच आपल्या शेतातली विहीर सगळ्यांना मोकळी केली. घरच्यांनी कालवा केला, जातवाल्यांनी पंगतीतून उठवलं. तो म्हणायचा, मी प्रार्थनेत एक बोलतो आणि विहिरीवर दुसरं वागू कसा? आजी त्याचं नाव आदराने घ्यायची. त्याची पायली? "सरकी," म्हणजे सरळ, असं ती सांगायची.

आणि माझी स्वतःची फजिती. बाबा मास्तर झाले आणि सत्तरच्या दशकात त्यांची बदली एटापल्लीच्या पुढे, ऐन माडिया आदिवासींच्या मुलखात झाली. तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. हेमलकशाला डॉक्टर प्रकाश आमटे नुकतेच येऊन झोपडीत दवाखाना चालवायला लागले होते, ते दिवस. आमच्या खोलीला कडी होती, कुलूप नव्हतं. बाबांचा पगार भिंतीवरच्या कॅलेंडरमागे असायचा आणि आई लाकडं आणायला गेली की घर सताड उघडं. काही गेलं नाही कधी. एक कोंबडी गेली, तर ती मुंगसाने नेली, आणि शेजारणीने येऊन पिसं दाखवली, म्हणजे आमचा संशय कुणावर जाऊ नये.

मी सहा वर्षांची असेन. शाळेमागच्या आंब्याला कैऱ्या लटकल्या होत्या. मी दगड मारून तीन पाडल्या आणि मीठ-तिखट लावून पायरीवर खात बसले. माझ्याबरोबर खेळणारी माडिया पोरं लांब उभी राहून नुसती बघत होती. एकानेही हात पुढे केला नाही. थोड्या वेळाने एक म्हातारी आली, रागावली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून आठवतं, एखाद्याने भरल्या घरात थुंकावं तसं. 'मरका पंडुम' व्हायचा होता. आंब्याचा तो सण झाल्याशिवाय, देवाला दिल्याशिवाय, कैरी तोडायची नाही. सहा वर्षांची पोरंसुद्धा पाळत होती. पानं, फुलं, मोह, सगळ्यालाच असे नियम. जंगल तिथे उगीच नाही टिकलं. आईने मला नेऊन म्हातारीची क्षमा मागायला लावली. सुट्टीत हे आजीला सांगितलं, तेव्हा वाटलं ती म्हणेल, देवबीव काही नसतं. ती म्हणाली, "त्याईचा देव असो नाही तं नसो, कैरी त्याईची होती. इचारलं काहून नाही?"

म्हणजे माडिया म्हातारीने देवाला भिऊन कैरी तोडली नाही, आजीने देव सोडून दुसऱ्याच्या धुऱ्याला हात लावला नाही. मला दोघींच्या शेजारी घर बांधायला आवडेल. त्या मालगुजाराच्या शेजारी नाही, आणि त्याने उद्या नास्तिक असल्याचं जाहीर केलं तरी नाही.

दारूचंही थोडं सांगते, कारण त्याशिवाय आमच्या जिल्ह्यांची गोष्ट पुरी होत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, १ एप्रिल २०१५ ला बंदी आली, आणि २०२१ साली उठली. बंदी असताना बाटली दुधाच्या कॅनमधून यायची, उठल्यावर दुकानातून येऊ लागली. बायका चुकल्या असं मी म्हणणार नाही, त्यांच्या पाठीवरचे वळ मी पाहिले आहेत. पण मला आबाजी आठवतात. मोहाचं फूल दारात पडायचं, आजूबाजूला भट्ट्या, ना देवाची भीती ना पोलिसांची. दीक्षेनंतर ते एकदाच प्याले, पुतण्याच्या लग्नात. घरी येऊन स्वतः आजीला सांगितलं आणि ओसरीवर झोपले. आजीने दार उघडं ठेवलं होतं, पण ते आत आले नाहीत. मोहाची फुलं ते पुढेही वेचायचे. भाजून तिळासोबत कुटून त्यांचे लाडू करायचे, आणि त्या लाडवांचा वास मला आज कुठल्याही हलवायाच्या दुकानात सापडत नाही.

आमचे सगळेच असे निघाले नाहीत, हेही लिहून टाकते. देव गेले त्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आली, आणि माझा एक चुलतभाऊ दहावीच्या पेपरला जाताना तिच्या पायाला हात लावून 'पास कर' म्हणायचा. गणितात नापास झाला, तर रुसून दोन दिवस अगरबत्ती लावली नाही. काही घरांत मागच्या दाराने नारळ परत आला. देव सोडणं एका संध्याकाळी जमलं, नारळाची सोय सुटणं अवघड.

आजी शेवटची दहा वर्षं चंद्रपुरात, बाबुपेठेत, काकांकडे राहिली. काका कोळशाच्या खाणीत होते. चैत्रात महाकालीची यात्रा भरते, नांदेड-परभणीकडून माणसं येतात, तेलंगणातूनही. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, आणि चंद्रपूरचं ते ऊन, पारा पंचेचाळिशीच्या पार. आजी दारात दोन रांजण भरून ठेवायची, आणि वाळा टाकायची पाण्यात. शेजारची पोरं चिडवायची, "आजी, तू तं देव मानत नाही, मंग देवीच्या लोकायले पानी काहाले?" ती म्हणायची, "देवीले जानाऱ्याले तहान लागत नाही काय गा?" काही यात्रेकरू आधी विचारायचे, घर कुणाचं? आजी सांगून टाकायची. काही पुढे जायचे. बहुतेक जण प्यायचे. विचारून पुढे गेलेल्यांसाठीही ती ग्लास विसळून उपडा ठेवायची, परत येतील म्हणून.

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर, आंबेडकर कॉलेजच्या आवारात, माणूस मावत नाही. मी जाते. खेड्यापाड्यांतून पांढऱ्या लुगड्यांतल्या म्हाताऱ्या येतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी असते, आणि कुणी ना कुणी नातवाला सांगत असतं की आमच्या गावातून इतक्या बंड्या आल्या होत्या.

आजीची पायली आता माझ्याकडे आहे. लोखंडी पत्र्याची, काठाला पोचा आलेली. घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला आजी ती रिकामी हातात द्यायची आणि आतून तळ चाचपायला सांगायची. माझ्या सुनेला मी मागच्या दिवाळीत दिली. तिने आधी आत मोबाईलचा टॉर्च मारला आणि हसली, म्हणाली, काय बघायचं यात? मग हात घातला. तुमच्याही माळ्यावर आजीची एखादी पायली, शेर, तराजू पडला असेल. एकदा खाली काढा आणि आत हात घालून बघा, तळ कुठे लागतो ते.